ओपन सोर्स ही केवळ हौशी मंडळींची निर्मिती नव्हे

ओपन सोर्स सॉफ्टवेअर (ज्याचे कोड कोणालाही पाहता, वापरता आणि बदलता येते) म्हणजे हौशी प्रोग्रामरांनी फावल्या वेळात, कोणाच्याही निधीविना उभारलेले काम, हा समज जुना आहे. स्वयंसेवकांचा वाटा मोठा असला तरी हे चित्र अपुरे आहे. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या ‘दार्पा’ या संशोधन संस्थेने १९८० पासून कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतील युनिक्स या संगणक कार्यप्रणालीवरील कामाला निधी दिला, १९८३ च्या ४.२ बीएसडी या बर्कलीच्या युनिक्स आवृत्तीतून टीसीपी/आयपी हे इंटरनेटवरील संवादाचे नियम अनेक विद्यापीठांच्या संगणकांवर पोहोचले आणि १९८९ मध्ये त्यातला नेटवर्किंगचा भाग मुक्त परवान्याखाली खुला झाला. पोस्टग्रेसक्यूएल या ओपन सोर्स डेटाबेसचे मूळही तिथल्याच, सरकारी निधी मिळालेल्या प्रकल्पात आहे; पुढची वाढ मात्र बव्हंशी विद्यापीठाबाहेर झाली.

सरकारचा हात लागला की कोडमध्ये छुपे दार असणारच, असेही ऐकू येते. शंका रास्त, निष्कर्ष मात्र घाईचा. हेरगिरीसाठीच ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने २००० मध्ये एसईलिनक्स, म्हणजे लिनक्स या ओपन सोर्स कार्यप्रणालीसाठीची सुरक्षा-प्रणाली, खुले केले, तेव्हा लिनक्सच्या विकासकांनी ते तसेच्या तसे न घेता, कोणतीही सुरक्षा-प्रणाली जोडता येईल अशी सामायिक चौकट आधी उभी करायला लावली. त्यानंतरच, २००३ मध्ये, ते लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नेलच्या, २.६ आवृत्तीत समाविष्ट झाले. अँड्रॉइड फोनमध्ये आज तेच वापरले जाते आणि त्याचे कोड कोणालाही तपासता येते.