ऑडिओ इंटरफेस

माइक किंवा वाद्याकडून येणारा आवाज संगणकाला हाताळता येईल अशा आकड्यांत बदलणारे आणि त्या आकड्यांचा पुन्हा आवाज करणारे उपकरण. पूर्वी ते संगणकाच्या पीसीआय खाचेत बसणारे कार्ड असे. आता बहुधा यूएसबी केबलने जोडायची वेगळी डबी असते, तरी ‘साउंड कार्ड’ हे नाव बोलण्यात टिकून आहे.

माइकचा विद्युत संकेत जेमतेम काही मिलिव्होल्टचा असतो. प्रीअँप तो वाढवतो. कंडेन्सर माइक असेल तर त्याला ४८ व्होल्टचा फँटम पुरवठाही इंटरफेसच देतो. पुढे रूपांतरक (एडीसी) सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० वेळा संकेताचे मोजमाप घेतो. ४४,१०० हा विचित्र आकडा सुरुवातीला डिजिटल ध्वनी व्हिडिओ टेपवर साठवत, त्या काळातला आहे. नमुनादराच्या (सेकंदाला घेतलेल्या मोजमापांच्या, म्हणजे नमुन्यांच्या, संख्येच्या) निम्म्याहून जास्त कंप्रता आत शिरली, तर ती भलतीच होऊन उमटते: ४८,००० च्या दराला ३० किलोहर्ट्झचा संकेत १८ किलोहर्ट्झचा म्हणून नोंदला जातो. ते टाळायला आधी अशी कंप्रता अडवणारी गाळणी लागते.

१६ बिटमध्ये प्रत्येक मोजमापाला ६५,५३६ पायऱ्या मिळतात, २४ बिटमध्ये सुमारे १ कोटी ६७ लाख. कागदावर २४ बिटचा पल्ला १४४ डेसिबल भरतो, पण सर्किटचा स्वतःचा खरखराट तो गाठू देत नाही. खरा फायदा वेगळाच आहे, गेन (प्रीअँपने केलेली वाढ) कमी ठेवता येतो. कमाल पातळीच्या वर आकडाच नसतो. तबल्याची एखादी जोरकस थाप तिथे गेली की लाटेचा माथा सपाट कापला जातो आणि मूळ आकार कायमचा हरवतो. म्हणून शिखरे कमाल पातळीच्या दहा-बारा डेसिबल खाली ठेवलेली बरी.

संगणक नमुने एकेक करून नव्हे, गठ्ठ्याने घेतो. हा गठ्ठा म्हणजे बफर. ४८,००० च्या दराने २५६ नमुन्यांना ५.३ मिलिसेकंद लागतात; येताना आणि जाताना मिळून सुमारे १०.७, वर रूपांतरक आणि ड्रायव्हर (उपकरण संगणकाशी जोडून देणारे सॉफ्टवेअर) यांचा वेळ वेगळा. हा उशीर (लेटन्सी) वाढला की हेडफोनमध्ये स्वतःचाच आवाज मागून येतो आणि गाणारा लयीत अडखळतो. बफर लहान केला तर प्रोसेसरची दमछाक होऊन तडतड ऐकू येते. विंडोजवर हा तिढा बराचसा सोडवला तो स्टाइनबर्गने १९९७ मध्ये आणलेल्या एएसआयओ ड्रायव्हर पद्धतीने. त्यात विंडोजच्या ध्वनी-मिक्सरला वळसा मिळतो. डायरेक्ट मॉनिटरिंगमध्ये तर माइकचा आवाज संगणकात न जाता इंटरफेसमधूनच हेडफोनला मिळतो. मात्र संगणकातला रिव्हर्ब (आवाजाला दिलेला घुमारा) त्यावर येत नाही, आणि कोरड्या आवाजात गायला अनेकांना नको वाटते.

दोन डिजिटल उपकरणे जोडताना एकाचे, नमुन्यांची वेळ ठरवणारे घड्याळ दुसऱ्याने मानावे लागते, नाहीतर अधूनमधून टकटक येते. परतीच्या वाटेवर डीएसी हा उलटा रूपांतरक आकड्यांचे व्होल्टेज करून स्पीकरकडे पाठवतो. स्वस्त इंटरफेसमधले रूपांतरकही आज पुरेसे चांगले असतात. खरेदी करताना प्रीअँपचा खरखराट आणि ड्रायव्हर आधी तपासावेत.