प्रवासविमा आणि सामान-संरक्षण (परदेशस्थ भारतीयांसाठी)

परदेशी राहणाऱ्या माणसाच्या प्रवासातले आजारपण, अपघात व मृत्यू, तसेच त्याच्या सामानाचे नुकसान, यांचा भार कोणी आणि किती उचलायचा हे ठरवणारी व्यवस्था. ती एकसंध नाही. माणसाचा विमा एका ठिकाणाहून येतो, विमानात दिलेल्या बॅगेची जबाबदारी आंतरराष्ट्रीय करारातून येते आणि दोहोंत उरलेली फट भरून काढायला खाजगी पॉलिसी असते. आखातात कामाला निघालेल्या रत्नागिरी-रायगडच्या किंवा गोव्याच्या माणसाची गल्लत इथेच होऊ शकते. निघताना विमा काढला म्हणजे सामानाचाही निघाला, असे त्याला वाटते. पण कामगारांसाठीच्या सरकारी ‘प्रवासी भारतीय विमा योजने’त सामान येत नाही.

प्रवासविम्याची सुरुवात रेल्वेपासून झाली. लंडनमध्ये १८४० च्या दशकाअखेरीस रेल्वे पॅसेंजर्स अ‍ॅश्युरन्स कंपनी तिकिटाबरोबर अपघातविमा विकू लागली. विमानातील सामानासाठी पहिला मोठा आंतरराष्ट्रीय नियम १९२९ च्या वॉर्सा कराराने घातला. त्यात भरपाई किलोवर मोजली जाई, त्यामुळे हलक्या बॅगेत महाग वस्तू नेणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नसे. १९९९ च्या माँट्रियल कराराने वजनाचा हिशेब काढून टाकला आणि दर प्रवाशामागे एकच मर्यादा ठरवली. हा करार २००३ मध्ये अंमलात आला आणि भारताला २००९ पासून लागू झाला. आपल्याकडे तो १९७२ च्या हवाई वाहतूक अधिनियमाद्वारे राबवला जातो.

मर्यादा आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या ‘विशेष आहरण अधिकार’ या एककात सांगितलेली आहे. सुरुवातीला ती १,००० एकके होती. महागाईनुसार वाढत २८ डिसेंबर २०२४ पासून ती १,५१९ झाली, म्हणजे सुमारे दोन हजार अमेरिकी डॉलर. ही कमाल मर्यादा आहे, ठरलेली रक्कम नव्हे. बॅगेत काय होते आणि त्याची किंमत काय, हे प्रवाशालाच दाखवावे लागते. घरून निघण्यापूर्वी उघड्या बॅगेचा फोटो काढून ठेवणे आणि महाग वस्तूंच्या पावत्या जपणे, एवढ्यानेही दाव्याला मोठा आधार मिळतो. सामान याहून मोलाचे असेल तर ते सोपवतानाच जास्त किंमत जाहीर करून आणि जादा आकार भरून मर्यादा वाढवता येते. ही सोय करारातच आहे.

चेक-इन केलेल्या बॅगेची जबाबदारी विमानकंपनीची चूक नसली तरी तिच्यावरच असते. हातातल्या बॅगेबाबत मात्र कंपनीची चूक सिद्ध व्हावी लागते. सामानातच दोष असेल तर कंपनी सुटते, आणि कोकणी घरांसाठी ही बारीक बाब महत्त्वाची आहे. आंबे पिकून फुटले किंवा सैल झाकणाच्या बरणीतून लोणच्याचे तेल कपड्यांवर सांडले, तर भरपाईची आशा ठेवू नये. विमानकंपनीने तिकिटाच्या अटींत आपली जबाबदारी करारापेक्षा कमी लिहिली असेल, तर ती अट करारानुसार निरर्थक ठरते.

मुदती कडक आहेत. बॅग फुटलेली वा फाटलेली मिळाल्यास ती हाती आल्यापासून ७ दिवसांत लेखी तक्रार द्यावी लागते. बॅग उशिरा मिळाली तर ही मुदत २१ दिवसांची असते. यायला हवी होती त्या दिवसापासून २१ दिवसांत बॅग आलीच नाही, तर ती हरवली असे धरून प्रवासी आपला हक्क मागू शकतो. न्यायालयात जायची मुदत दोन वर्षे आहे. या सगळ्याचा पाया म्हणजे विमानतळावरच्या सामान-कक्षात नोंदवायचा ‘प्रॉपर्टी इरेग्युलॅरिटी रिपोर्ट’, बोलीभाषेत पीआयआर. रात्रभराच्या प्रवासाने थकलेला, बाहेर गाडी थांबलेला माणूस ‘उद्या फोन करू’ म्हणत निघून जातो आणि तिथेच त्याचा दावा कमजोर होतो. बॅगेच्या टॅगचा तुकडा, बोर्डिंग पास आणि पीआयआरचा क्रमांक या तीन गोष्टी सांभाळायलाच हव्यात. दोरीने बांधलेल्या खोक्यावर मार्करने लिहिलेले नाव-गाव पुसले जाते, टॅग तुटतो. म्हणून खोक्याच्या आतही नाव, पत्ता आणि फोन लिहिलेला कागद ठेवावा.

खाजगी प्रवासविमा करारातली भरपाईची मर्यादा ओलांडून काही देऊ शकतो, पण त्याच्या अटी वाचाव्या लागतात. रोख रक्कम, दागिने आणि नजरेआड ठेवलेले सामान बहुधा वगळलेले असते. प्रत्येक वस्तूमागे वेगळी मर्यादा असते, जुन्या वस्तूची घसारा वजा करून किंमत धरली जाते आणि चोरीसाठी पोलिसांकडची नोंद मागतात. परदेशस्थ माणसाची खरी अडचण ‘वास्तव्य’ या शब्दात असते. भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक पॉलिसी भारतातून निघून भारतात परतणाऱ्यासाठी असतात. मस्कतला नोकरी करणारा सुट्टीवर चिपळूणला येतो, तेव्हा त्याचा प्रवास उलटा असतो. त्याला राहत्या देशात पॉलिसी घ्यावी लागते, आणि तीत मायदेशातले उपचार धरले आहेत का, हे तपासावे लागते.

दहावी न झालेल्या कामगारांचे पासपोर्ट सहसा ‘उत्प्रवासन तपासणी आवश्यक’ (परदेशी नोकरीला जाण्याआधी सरकारी मंजुरी लागणाऱ्या) या वर्गात येतात. आखातासह ठरावीक देशांत नोकरीला जाताना त्यांना प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची आहे. डिसेंबर २००३ मध्ये ती सुरू झाली. दोन वर्षांसाठी २७५ आणि तीन वर्षांसाठी ३७५ रुपये, अधिक कर, एवढ्या हप्त्यात अपघाती मृत्यू किंवा कायम अपंगत्वासाठी १० लाख रुपयांचे संरक्षण मिळते. मृतदेह मायदेशी आणण्याचा आणि सोबत्याच्या विमानभाड्याचा खर्चही योजनेत धरलेला आहे. मालक किंवा कामाची जागा बदलली तरी संरक्षण तुटत नाही. गावाकडे वारसाच्या हाती पॉलिसीची प्रत नसेल, तर विमा होता हेच घरच्यांना कळत नाही. म्हणून ती प्रत कामगाराच्या बॅगेत ठेवून चालत नाही, एक घरी ठेवूनच निघावे.