केळकरनंतर कोण?

दादरच्या एका छोट्या हॉलमध्ये आमच्या दहावी 'ब'चं गेट-टुगेदर होतं. सत्तावीस वर्षांनी. दारातच एकाने पाठीत धपाटा घातला. चेहरा लख्ख ओळखीचा. भुवईवरची खोक जिन्यात पडल्याची, तेही आठवलं. नाव मात्र काही केल्या येईना. "काय रे, कसा आहेस?" एवढ्यावर मी दोन तास आणि तीन बटाटेवडे निभावले.

परतीच्या लोकलमध्ये सायन येईपर्यंत डोकं खाजवलं. मग सहज मनातल्या मनात हजेरी घ्यायला लागलो. आंब्रे, कदम, कांबळे, केळकर... खानोलकर! अख्खं नाव वडिलांच्या नावासकट आलं, वर बाईंच्या आवाजात.

हा घोळ माझ्या एकट्याचा नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ हॅरी बाहरिक आणि सहकाऱ्यांनी १९७५ साली हायस्कूल सोडलेल्या ३९२ जणांची परीक्षा घेतली. जुन्या वर्गमित्रांचे फोटो ओळखायला सांगितले, तर शाळा सोडून १५ वर्षं झालेलेही ९० टक्क्यांच्या आसपास बरोबर. पण काहीही न दाखवता नावं सांगा म्हटल्यावर गाडी ६० टक्क्यांपर्यंत घसरली, आणि ४८ वर्षांनंतर ३० वर. म्हणजे नावं पुसली गेलेली नसतात, तिथवर पोचायची वाट सापडत नाही. मला ती हजेरीने दाखवली. केळकर म्हटलं की पुढचा खानोलकर आपोआप येतो, कारण ती माळ आम्ही वर्षाला दोनशेहून जास्त वेळा, रोज थोडी थोडी, वर्षानुवर्षं ऐकली होती. अशी अंतराअंतराने झालेली उजळणी मेंदूत घट्ट बसते. परीक्षेच्या आदल्या रात्री अख्खं गाईड घशाखाली उतरवण्याचा प्रकार नेमका याच्या उलटा. (मी तेच करायचो. भूगोलातलं आज काही विचारू नका.)

पण शाळेचीच वर्षं एवढी का चिकटतात? चाळिशी ओलांडलेल्यांना आयुष्यातल्या आठवणी सांगायला लावल्या, तर साधारण १० ते ३० या वयातल्या प्रमाणाबाहेर निघतात. आलेख काढला तर तिथे चक्क टेंगूळ दिसतं. मेंदू त्या वयात ताजातवाना असतो हे एक कारण, पण ते पुरेसं नाही. परदेशात स्थलांतर केलेल्यांच्या एका अभ्यासात, ज्यांनी पस्तिशीच्या सुमारास देश सोडला त्यांचं टेंगूळ पस्तिशीकडे सरकलेलं आढळलं. मोठा वाटा नवेपणाचा. एकट्याने केलेला पहिला लोकलचा प्रवास, स्नेहसंमेलनात विंगेत उभं असताना पोटात आलेला गोळा, वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रातली सहल: पहिल्या खेपेला मेंदू सगळं टिपतो. त्याच लोकलचा हजारावा प्रवास मात्र आधीच्या नऊशे नव्याण्णवांत विरघळून जातो.

माझा भाचा यंदा दहावीत आहे. पुस्तक पाचव्यांदा वाचत बसला की मी ते मिटून ठेवायला सांगतो आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहून घेतो. त्याला हा मामाचा जाच वाटतो. पण माझ्या या पद्धतीला आधार आहे २००६ मधल्या रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगाचा. एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते: ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने पारडं फिरलं: वाचणारे ४२, लिहिणारे ५६. पाच मिनिटांपुरता आलेला हा 'येतंय की सगळं!' भाव फार फसवा असतो.

परवा त्याचा सेंडऑफ झाला. दोनशेच्या वर फोटो घेऊन आला. २०१४ मध्ये मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांना एका संग्रहालयात असं दिसलं होतं, की ज्या वस्तूंचे अख्खे फोटो काढले त्या लोकांना नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. झूम करून एखादा भाग टिपला, तर तो तोटा झाला नाही. म्हणून मुद्दाम विचारलं, "फळ्यावर काय लिहिलं होतं रे?" तो बराच वेळ स्क्रीन सरकवत राहिला. फळा एकाही फोटोत धड आला नव्हता. मग फोन पालथा ठेवला आणि भाषण करता करता बाकावरून कोण घसरलं, मुख्याध्यापक कसे हसू दाबत होते, हे उठून, अॅक्टिंग करून दाखवलं. त्याचा फोटो कुणीच काढला नव्हता.