आईबाबांसाठी घरी मदतनीस ठेवताय? पोलीस पडताळणी, करार आणि लागणारी कागदपत्रं

खुब्याच्या ऑपरेशननंतर आईला घरी आणलं, त्याच संध्याकाळी मदतनीस पुरवणाऱ्या ब्युरोने पाठवलेल्या बाई दारात उभ्या राहिल्या. हातातली आधारची झेरॉक्स इतकी काळी की फोटोतला चेहराच कळेना. नाव विचारलं तर वेगळंच निघालं. ठरलेल्या बाई आल्याच नव्हत्या, त्यांची झेरॉक्स तेवढी आली होती. रात्र काढायची होती, म्हणून ठेवून घेतलं. बाई स्वभावाने चांगल्या निघाल्या, पण ती रात्र मी आईच्या खोलीबाहेर खुर्ची टाकून जागून काढली. म्हणून कळकळीने सांगते, कागदपत्रं काम सुरू होण्याआधी करा.

मावशी हव्यात की सिस्टर?

हे आधी ठरवा, कारण कागद त्यावर बदलतात. अंघोळ, डायपर, भरवणं, धरून चालवणं एवढंच असेल तर अनुभवी मावशी किंवा मामा पुरेसे. इंजेक्शन, लघवीची नळी बदलणं, खोल जखमेचं ड्रेसिंग असेल तर एएनएम किंवा जीएनएम हा नर्सिंगचा अभ्यासक्रम झालेली नर्सच हवी. त्यांच्याकडून नर्सिंग कौन्सिलचं नोंदणी प्रमाणपत्र मागा आणि त्याची मुदत बघा. 'सगळं येतं हो' यावर इंजेक्शन टोचू देऊ नका.

वय १८ पूर्ण असलेली व्यक्तीच ठेवा. १४ वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवणं हा तर गुन्हाच आहे.

पोलीस पडताळणी

यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्यांची नेहमी गल्लत करतात. पहिली म्हणजे कामाला ठेवणाऱ्या घराने पोलिसांना द्यायची माहिती. दुसरी म्हणजे चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र, ज्यासाठी त्या व्यक्तीने स्वतः अर्ज करायचा असतो. ब्युरो दाखवतो ते बहुतेक वेळा दुसरं असतं आणि कधीकधी बरंच जुनं असतं. तारीख वाचा. ते असलं तरी पहिली नोंद तुम्ही कराच.

ही माहिती वृद्ध व्यक्ती राहते त्या हद्दीच्या पोलीस ठाण्यात द्यायची. तुम्ही दुसऱ्या गावी असाल तर आईबाबांच्या सहीने द्या. ऑनलाइन फॉर्मची सोय असेल तर तो भरा, नाहीतर ठाण्यात जा. सोबत मदतनिसाचे अलीकडचे फोटो, ओळखपत्राची प्रत, सध्याचा पत्ता, मूळ गावचा पूर्ण पत्ता, घरच्या एका माणसाचा नंबर आणि आधी काम केलेल्या दोन घरांचे नंबर ठेवा. माहिती देणाऱ्याचं ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावाही लागतो. सगळ्यात जास्त चुकतो तो गावचा पत्ता. नुसतं गावाचं नाव लिहून भागत नाही. तालुका, जिल्हा आणि तिथलं पोलीस ठाणं लिहा, म्हणजे चौकशी योग्य जागी पोचेल. निघताना शिक्का मारलेली पोहोच घ्या.

आधारची मूळ प्रत डोळ्यांनी बघा. त्यावरचा क्यूआर कोड आधारच्या ॲपने स्कॅन केला की नाव आणि फोटो पडताळता येतो. घरात ठेवायला मात्र शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार पुरेसं आहे. त्यांचा नंबर आपल्या ड्रॉवरमध्ये कशाला पडून राहावा?

आधीच्या दोन घरांना फोन कराच. 'कशा आहेत?' असं विचारलं की सगळे 'छान' म्हणतात. 'काम का सुटलं?' आणि 'पुन्हा ठेवाल का?' असं विचारा. उत्तराआधी समोरचा किती थांबतो, तेही ऐका.

साधा करार

एक पान पुरतं. कामाचे तास, दिवसपाळी की रात्रपाळी की चोवीस तास, पगार आणि तो कोणत्या तारखेला, आठवड्याची सुट्टी, जेवण आणि झोपायची जागा, कोणती कामं त्यांची नाहीत, काम सोडताना किंवा बंद करताना किती दिवस आधी सांगायचं, एवढं मराठीत लिहा. वाचता येत नसेल तर वाचून दाखवा. दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार, आणि एक प्रत त्यांच्या हातात. घरात कॅमेरा असेल तर तो कुठे आहे हे करारातच लिहा. बाथरूममध्ये आणि त्यांच्या झोपायच्या जागी कॅमेरा नको. आणि आईबाबांची संमती आधी विचारा, शरीर त्यांचं आहे.

पगार बँकेतून द्या. एटीएमचा पिन आणि ओटीपी आईबाबांनी कुणालाच सांगायचा नाही, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर बोलून टाका.

त्यांच्या बाजूचे कागद

आपण त्यांच्याकडून सहा कागद घेतो आणि एकही देत नाही, हे मला खटकतं. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळ २००८ च्या कायद्याने उभं राहिलं आहे. नोंदणीचं वय १८ ते ६० आणि त्यासाठी काम देणाऱ्या घराचा दाखला लागतो. तो तुम्हीच देऊ शकता. चौकशी जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात होते. असंघटित कामगारांसाठीचं ई-श्रम कार्ड १६ ते ५९ वयात निघतं, त्याला आधार, आधारला जोडलेला मोबाईल आणि बँक खातं लागतं. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचा वर्षाचा हप्ता २० रुपये आहे, अपघाती मृत्यूला २ लाखांचं संरक्षण मिळतं. हा हप्ता आपण भरला तर काय बिघडलं? कामाच्या जागी लैंगिक छळ झाला तर २०१३ च्या कायद्याने घरकामगारालाही जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते, हेही त्यांना माहीत असू द्या.

आईबाबांच्या उशाशी दोन नंबर मोठ्या अक्षरात चिकटवा: ११२, आणि ज्येष्ठांसाठीची हेल्पलाईन १४५६७.

बदली आली तर

ब्युरोने सुट्टीच्या दिवसासाठी दुसऱ्या बाई पाठवल्या तरी ओळखपत्र नव्याने बघा, फोटो घ्या, पोलीस ठाण्याला कळवा. आधीच्या बाईंची पडताळणी नव्या बाईंना लागू होत नाही. काम संपल्यावर किल्ली परत घ्या, ठाण्यात तसं कळवा, आणि कधीपासून कधीपर्यंत कोणतं काम केलं याचा सही केलेला दाखला द्या. आमच्या बाईंच्या दाखल्यावर आईने थरथरत्या हाताने सही केली होती. बाईंनी तो घडी न घालता प्लास्टिकच्या पिशवीत सरळ ठेवला.