बुद्धिबळाच्या पटावरील दाणे आणि त्या संख्येचे सात मूळ अवयव

बुद्धिबळाचा पट मांडणाऱ्याने राजाकडे पहिल्या घरासाठी एक दाणा, दुसऱ्यासाठी दोन, तिसऱ्यासाठी चार असे दुप्पट करत चौसष्ट घरांचे धान्य मागितले, ही गोष्ट बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील मराठी शाळांत ऐकली नाही असा विद्यार्थी विरळाच. भाताच्या या मुलखात ती सांगताना दाणे बेळगाव बासमतीचे असणे साहजिकच आहे. एक दाणा वीस मिलिग्रॅमचा धरला, तर मागणी सुमारे 37 हजार कोटी टनांची होते. गोष्ट बहुधा येथेच संपते. त्या संख्येच्या घडणीचा इतिहास मात्र सहसा सांगितला जात नाही, आणि माझ्या मते तोच अधिक मोलाचा आहे.

दाण्यांची एकूण संख्या 1,84,46,74,40,73,70,95,51,615 आहे, म्हणजे दोनाच्या चौसष्टाव्या घातातून एक वजा. भास्कराचार्यांनी 1150 च्या सुमारास लिहिलेल्या ‘लीलावती’त दशगुणोत्तर संज्ञा परार्धापर्यंत, म्हणजे एकावर सतरा शून्यांपर्यंत जातात, त्या मापाने ही संख्या 184 परार्धांहून अधिक भरते. त्याच ग्रंथात पहिल्या दिवशी दोन कवड्या आणि पुढे रोज दुप्पट असे महिनाभर दान करणाऱ्याचे उदाहरण आहे. त्याचे उत्तर 2,14,74,83,646 कवड्या, अर्थात त्या काळच्या नाण्यांत 104857 निष्क, 9 द्रम्म, 9 पण, 2 काकिणी आणि 6 कवड्या असे येते. त्याआधी, इ.स. 1000 च्या सुमारास, अल्-बिरुनीने पटावरील दाण्यांची बेरीज एकेक घर न मोजता वारंवार वर्ग करून काढली होती: 2, 4, 16, 256, 65536 आणि पुढे.

वर्गांची हीच शिडी या संख्येचे अवयवही उलगडून दाखवते. शाळेतले वर्गांतराचे सूत्र पुन्हा पुन्हा लावले की ती 3, 5, 17, 257, 65537 आणि 4294967297 यांचा गुणाकार ठरते. पहिल्या पाच मूळ संख्या आहेत. (आमच्या सीमाभागातील मुले ‘मूळ संख्या’ आणि कन्नडातील ‘अविभाज्य संख्ये’ हे दोन्ही शब्द ऐकत वाढतात.) या शिडीवरील (2, 4, 16, 256…) संख्येत एक मिळवून येणारी प्रत्येक संख्या मूळच असते असे फ्रेंच गणिती फर्माने 1640 मध्ये मानले होते, पण सिद्धता त्याला देता आली नाही. 1732 मध्ये स्विस गणिती ऑयलरने दाखवून दिले की सहावी संख्या 641 × 6700417 आहे, आणि फर्माचे अनुमान कोसळले. या सहाव्या संख्येचा कोणताही मूळ अवयव 64 च्या पटीपेक्षा एकाने मोठा असतो, हे ऑयलरने पुढे सिद्ध केले. त्यामुळे तपासण्याजोग्या मूळ संख्या 193, 257, 449, 577 आणि 641 अशा क्रमाने येतात, आणि पाचव्याच प्रयत्नात भागाकार निःशेष जातो. 6700417 ही मूळच आहे. अशा रीतीने दाण्यांच्या संख्येला नेमके सात मूळ अवयव मिळतात, आणि त्यांपैकी कोणताही दोनदा येत नसल्याने तिचे एकूण विभाजक 128 होतात.

वीस अंकी असूनही ही संख्या इतकी सहज उलगडते, ती केवळ तिच्या घडणीमुळे. तिच्यात फक्त दोन मिळवले की 18446744073709551617 ही फर्माची पुढची संख्या येते, आणि तेथे वर्गांतराचे सूत्र उपयोगी पडत नाही. ऑयलरच्या शोधानंतर जवळजवळ दीडशे वर्षे तिचे अवयव कोणाला मिळाले नाहीत; 1880 मध्ये फ्रान्समधील लांद्रीने वयाच्या 82 व्या वर्षी ती 274177 × 67280421310721 असल्याचे दाखवून दिले.