स्पोर्ट्‌स कारची हायवेवरची हाताळणी : टायर आणि अलाइनमेंट

स्पोर्ट्‌स कार हायवेवर कशी चालते, म्हणजे सरळ रस्त्यावर स्टिअरिंग किती धरून ठेवावं लागतं, लेन बदलल्यावर मागचा भाग लगेच जागेवर येतो की एक झोका घेऊन मग येतो, आडवा वारा किंवा ट्रकांनी पाडलेली चाकोरी लागली की गाडी किती बिचकते, हे सगळं टायर आणि चाकांचे कोन मिळून ठरवतात. या कोनांची जुळणी म्हणजे अलाइनमेंट. त्यात टो, कॅम्बर आणि कॅस्टर हे तीन मुख्य. टायर आणि अलाइनमेंट हे दोन वेगळे विषय म्हणून शिकवले जातात, पण हायवेपुरतं बघायचं तर ते एकच आहेत, कारण अलाइनमेंटचं काम टायर रस्त्यावर कोणत्या कोनात टेकेल एवढं ठरवण्याचं, पुढचं बळ टायरच तयार करतो.

रेसट्रॅकवरचे सल्ले इथे जसेच्या तसे चालत नाहीत. 500 मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी 110 किमीने गेलं तर आडवं त्वरण साधारण 0.19 जी (1 जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाएवढं त्वरण) येतं, आणि चांगल्या टायरवरची स्पोर्ट्‌स कार कोरड्या रस्त्यावर 1 जीच्या आसपास पेलते. म्हणजे रोजच्या हायवेवर टायरच्या ताकदीचा जेमतेम पाचवा हिस्सा वापरला जातो. त्यामुळे कमाल ग्रिप किती यापेक्षा पहिल्या एक-दोन अंशांत टायर किती चटकन आणि किती सरळ हिशोबात उत्तर देतो हे जास्त महत्त्वाचं.

हे अंश म्हणजे स्लिप अँगलचे. चाक ज्या दिशेला तोंड करून आहे आणि प्रत्यक्षात ज्या दिशेला जातंय, त्या दोन दिशांमधला कोन म्हणजे स्लिप अँगल. टायर घसरत असतो असा याचा अर्थ नाही, रबर आणि आतले थर आडवे ताणले जातात आणि त्या ताणातूनच वळवणारं बळ मिळतं. ही कल्पना नेमकी कोणाची यावर जाणकारांत एकमत नाही. त्याआधीचा शंभर वर्षांचा विचार पूर्ण भूमितीचा होता : वळताना आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळलं पाहिजे, म्हणजे सगळी चाकं एकाच केंद्राभोवती फिरतात. या रचनेला अकरमनचं नाव आहे, कारण रुडॉल्फ अकरमनने 1818 मध्ये लंडनला तिचं पेटंट घेतलं, पण ती म्युनिकच्या गेऑर्ग लँकनस्पर्गर या गाडी बनवणाऱ्याची होती आणि अकरमन त्याचा लंडनमधला प्रतिनिधी होता. त्याच्याही सुमारे साठ वर्षं आधी इरॅस्मस डार्विनने (चार्ल्स डार्विनच्या आजोबांनी) तशीच योजना स्वतःच्या घोडागाडीला केली होती असं इंग्रज लेखक मांडतात. श्रेय कोणालाही द्या, ही भूमिती चाक तोंड आहे तिकडेच जातं असं धरून चालते, आणि हवेच्या टायरवर वेगाने जाणाऱ्या गाडीचं तसं होत नाही. हायवेच्या वेगाला पुढची चाकं एवढी थोडी वळलेली असतात की अकरमनचा हिशोब बराचसा बाजूलाच पडतो.

स्लिप अँगलचं श्रेय बहुतेक ठिकाणी फ्रेंच अभियंता जॉर्ज ब्रूलिए याच्या 1925 च्या निबंधाला मिळतं. 1931 मध्ये जर्मनीत बेकर, फ्रॉम आणि मारून यांनी पुढची चाकं थरथरण्याच्या त्रासाचा अभ्यास करताना टायरवरची बळं मोजली. जनरल मोटर्समध्ये मॉरिस ऑलीने, आणि गुडइयरमध्ये इव्हान्सने फिरत्या ड्रमवर टायर चालवून, 1930 च्या दशकात हा विषय कारखान्यापर्यंत आणला. अंडरस्टिअर (गाडी स्टिअरिंगच्या मानाने कमी वळणं) आणि ओव्हरस्टिअर (जास्त वळणं) ही भाषा रुळवण्याचं काम ऑलीकडे जातं. मूळ कल्पना ब्रूलिएची आणि ती गाडीला लावून दाखवणं ऑलीचं, अशी वाटणी जास्त पटण्यासारखी आहे. 1956 मध्ये मिलिकन, सेगल आणि व्हिटकॉम्ब यांनी विमानाच्या स्थिरतेचं गणित मोटारीला लावलं, आणि 1987 मध्ये डेल्फ्ट विद्यापीठाचा हान्स पासेयका आणि व्होल्वोतले सहकारी यांनी टायरचा आलेख एका सूत्रात बसवला, ते सूत्र ‘मॅजिक फॉर्म्युला’ म्हणून आजही वापरात आहे.

या गणितातली एक गोष्ट हायवेसाठी फार मोलाची आहे. गाडी उभ्या अक्षाभोवती झोका घेते तेव्हा तो झोका टायरच शमवतात, आणि ही शमवण्याची ताकद वेग वाढेल तशी कमी होत जाते. म्हणून 60 ला एकदम शांत वाटणारी गाडी 140 ला चंचल वाटू शकते, त्यात काही बिघडलेलं असेलच असं नाही. मागच्या टायरचा आडवा कडकपणा पुढच्याच्या मानाने पुरेसा असेल तर गाडी अंडरस्टिअर बाजूला राहते आणि वेगातही स्वतःहून सरळ होते. उलट असेल तर एक ठराविक वेग असा येतो की त्यापुढे ती आपणहून स्थिर राहूच शकत नाही. मागे इंजिन असलेल्या गाड्यांना मागचे टायर रुंद देतात ते याच कारणासाठी, दिसण्यासाठी नाही. पोर्शे 911 च्या 1969 च्या मॉडेलपासून व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) 57 मिमीने वाढवला, त्यामागेही हीच वजनाची आणि मागच्या टायरची चिंता होती.

आता टो. वरून बघितलं तर एका अ‍ॅक्सलची चाकं पुढच्या टोकाला जवळ असतील तर टो-इन, लांब असतील तर टो-आउट. म्हणजे सरळ जातानाच प्रत्येक टायरला थोडा स्लिप अँगल आधीच देऊन ठेवणं. 18 इंची रिमवर 1 मिमी म्हणजे साधारण 0.125 अंश. हे ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण मघाच्या वळणावर टायरला एकूण एखाद-दुसरा अंशच लागत होता हे लक्षात घेतलं की एका मिलिमीटरची किंमत कळते. एका चाकाला पाव अंश टो असेल तर भूमितीच्या हिशोबाने ते दर किलोमीटरला चार मीटरच्या वर आडवं ओढलं जातं, आणि ट्रेडच्या (रस्त्याला लागणाऱ्या खाचांच्या भागाच्या) कडेला हात फिरवला की एका दिशेला गुळगुळीत आणि उलट दिशेला करवतीसारखी धार लागते. पुढे थोडा टो-आउट दिला की गाडी वळायला तल्लख होते पण सरळ रस्त्यावर डावी-उजवी शोधत राहते. मागे टो-आउट मात्र हायवेवर चालवूनच घेऊ नये : लेन बदलताना भार बाहेरच्या मागच्या चाकावर जातो, ते चाक बाहेर तोंड करून असल्याने मागचा भाग आणखी बाहेर काढतं. म्हणूनच जवळजवळ सगळ्या स्पोर्ट्‌स कारना मागे थोडा टो-इन असतो.

हे कोन गाडी उभी असतानाचे. चालताना सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबरी बुश दबतात आणि कोन बदलतात, अ‍ॅक्सिलरेटर सोडला की वेगळे, ब्रेक मारला की वेगळे. वळणात अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर मागचं चाक टो-आउटकडे गेलं की मागचा भाग सुटतो, आणि पोर्शेने 1977 च्या 928 मध्ये वाइसाख अ‍ॅक्सल आणला तो अशा वेळी चाक उलट टो-इनकडे जावं म्हणून. मागची चाकंही वळवणाऱ्या आजच्या गाड्या हायवेच्या वेगाला ती पुढच्यांच्याच दिशेला किंचित वळवतात, हेतू तोच.

कॅम्बर म्हणजे समोरून बघितल्यावर चाकाचा कल. वरचं टोक आत असेल तर निगेटिव्ह. जोरात वळताना बाहेरचा टायर रस्त्यावर सपाट बसावा म्हणून तो देतात, पण हायवेवर ती वेळ क्वचितच येते. कललेला टायर गाडीला आतल्या बाजूला रेटतो. डाव्या-उजव्या चाकांचे हे रेटे एकमेकांना मारतात तोवर ठीक, चाकोरीत किंवा खड्ड्यात एका चाकावरचा भार बदलला की तोल जातो आणि गाडी बाजूला झेप घेते. रुंद, बुटक्या टायरवर हे जास्त जाणवतं. आतली कड लवकर झिजली की दोष सरसकट कॅम्बरला दिला जातो, पण बरेचदा खरा गुन्हेगार सोबतचा टो असतो.

कॅस्टर म्हणजे बाजूने बघितल्यावर, चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा मागे झुकलेला कल. तो स्टिअरिंगला सरळ यायला लावतो. त्यात टायरचा स्वतःचा वाटाही आहे, कारण आडवं बळ टेकलेल्या जागेच्या मध्यावर नाही तर काही सेंटीमीटर मागे लागतं. स्लिप अँगल वाढला की हे अंतर कमी होतं आणि कमाल ग्रिपच्या जरा आधीच स्टिअरिंग हलकं पडू लागतं, ही सूचना हाताला कळणं चांगल्या स्पोर्ट्‌स कारचं लक्षण. दोन बाजूंचा कॅस्टर सारखा नसेल तर कमी कॅस्टरच्या बाजूला गाडी ओढते, कॅम्बरच्या बाबतीत जास्त पॉझिटिव्ह बाजूला. पण ओढण्याचं कारण टायरच्या बनावटीतही असू शकतं : पुढचे दोन टायर आपसात बदलून बघावेत, ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरचा. एकाच दिशेने फिरणाऱ्या ट्रेडचे टायर रिमवरून उतरवल्याशिवाय असे बदलता येत नाहीत. स्टिअरिंग ठराविक वेगाला थरथरतं ते बहुधा बॅलन्सिंगमुळे, त्यासाठी अलाइनमेंट करून पैसे घालवू नयेत.

रेडियल टायर मिशेलिनने 1946 मध्ये पेटंट करून 1949 पासून विकला, तशी पेटंटं त्याआधी 1910 च्या दशकातही निघाली होती पण बाजारात टिकली नाहीत. 1970 च्या दशकाच्या मध्याला पिरेलीच्या पी7 ने रुंद आणि बुटका टायर स्पोर्ट्‌स कारवर आणला, त्यात ट्रेडखाली घेराच्या दिशेने नायलॉनचा पट्टा होता, म्हणजे वेगात टायर फुगत नाही. टायरवरचं कमाल वेगाचं अक्षर बघून घ्यावं : एच 210, व्ही 240, डब्ल्यू 270, वाय 300 किमी.

टायरमधल्या हवेचा परिणाम किती खोल जातो याचं ठळक उदाहरण म्हणजे 1960 ची शेव्हरोले कॉर्व्हेअर. इंजिन मागे, मागे स्विंग अ‍ॅक्सल (मध्याजवळ बिजागरीसारखा हलणारा, त्यामुळे चाकाचा कल बदलवणारा), आणि थंड टायरमध्ये कारखान्याने सांगितलेली हवा पुढे 15 आणि मागे 26 पीएसआय. पुढचे टायर मुद्दाम मऊ ठेवून अंडरस्टिअर आणलेला होता, त्यामुळे चारही टायरमध्ये सवयीप्रमाणे सारखी हवा भरली की गाडीचा स्वभावच बदलायचा. गाडी धोकादायक होती असा आरोप 1965 मध्ये गाजला. अमेरिकी सरकारी तपासणीने 1972 मध्ये ती त्या काळच्या इतर गाड्यांपेक्षा वाईट नव्हती असं म्हटलं, पण स्थिरता मालकाच्या हवा भरण्यावर सोडणं योग्य होतं असं त्यातून सिद्ध होत नाही. तापमान 5 ते 6 अंशांनी वाढलं की साधारण 1 पीएसआय वाढते, म्हणून हवा थंड टायरवरच मोजायची आणि लांब पळवल्यावर वाढलेली दिसली म्हणून सोडायची नाही. हवा कमी असेल तर वेगात टायरच्या घेरावर लाटा उठू लागतात, टायर तापतो आणि फुटतो.

पावसात हिशोब फिरतो. 1963 मध्ये नासाच्या हॉर्न आणि ड्रेअर यांनी दिलेल्या सूत्राप्रमाणे 32 पीएसआयला ताशी सुमारे 94 किमीला टायर पाण्यावर उचलला जातो. ते विमानांच्या टायरवरून आलेलं आहे, मोटारीला ट्रेडची खोली आणि रुंदी यांनी फरक पडतो, तरी हवा कमी तर धोका लवकर हे खरंच. नव्या टायरची खाच 8 मिमीच्या आसपास असते, बऱ्याच देशांत कायद्याची मर्यादा 1.6 मिमी, पण पाणी बाहेर फेकण्याची ताकद त्याच्या बरीच आधी संपलेली असते. गंमत म्हणजे कोरड्यात झिजलेला टायर आडवा जास्त कडक असतो, कारण उंच ठोकळे वाकतात तसे तो वाकत नाही. तरीही दोनच नवे टायर घ्यायचे आणि माप चारही चाकांना सारखं असेल तर ते मागे लावायचे, पुढची चाकं ड्राइव्ह करत असली तरी, कारण पुढचा टायर पाण्यावर सुटला तर स्टिअरिंगला कळतं, मागचा सुटला तर कळेपर्यंत गाडी फिरलेली असते.

अलाइनमेंट करताना हवा आधी बरोबर, मग सैल बुश आणि बॉल जॉइंट तपासून, मग मागचा अ‍ॅक्सल आणि शेवटी पुढचा. मागच्या चाकांची सरासरी दिशा गाडीच्या मध्यरेषेपासून हटलेली असेल तर गाडी तिरकी चालते आणि स्टिअरिंग वाकडं ठेवून सरळ जावं लागतं, अशा वेळी नुसता पुढचा टो जुळवून काही साधत नाही. स्प्रिंग कापून किंवा बदलून गाडी खाली बसवली असेल तर टो आणि कॅम्बर दोन्ही बदललेले असतात, शिवाय टाय रॉडचा (स्टिअरिंगकडून चाक वळवणाऱ्या दांड्याचा) कल बदलल्याने प्रत्येक उंचवट्यावर टो आपोआप हलतो, आणि तो दोष मशीनवर उभ्या गाडीत दिसत नाही.