ऊर्जा, शिक्षण आणि आर्थिक वाढ : मोजमापाचा जुना पेच

१९५७ साली अर्थतज्ज्ञ रॉबर्ट सोलो यांनी अमेरिकेचा १९०९ ते १९४९ या काळातला हिशेब मांडला. कामाच्या दर तासामागचं उत्पादन दुप्पट झालं होतं, पण भांडवलाच्या वाढीने त्यातला जेमतेम आठवा हिस्सा उलगडत होता. उरलेल्या सात हिश्शांना त्यांनी तांत्रिक बदल म्हटलं. त्यांत नेमकं काय दडलंय, याचा शोध अजून संपलेला नाही.

थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६१ मध्ये आणि गॅरी बेकर यांनी १९६४ मध्ये, हेही अर्थतज्ज्ञच, माणसाच्या शिक्षणाकडे बोट दाखवलं. ऊर्जेचा धागा १९७३ च्या तेलाच्या पहिल्या झटक्यानंतर पुढे आला. १९७८ मध्ये जॉन क्राफ्ट आणि आर्थर क्राफ्ट यांनी अमेरिकेची १९४७ ते १९७४ ची आकडेवारी तपासली आणि निष्कर्ष काढला, की उत्पन्न वाढतं म्हणून ऊर्जेचा वापर वाढतो. उलट दिशेचा पुरावा मिळत नाही. दोनच वर्षांनी अकार्का आणि लाँग यांनी कालखंड दोन वर्षांनी बदलून पाहिला, तर तो संबंधच नाहीसा झाला.

इथे पहिला धोका दिसतो. वीजवापर आणि उत्पन्न दोन्ही वर्षानुवर्षं चढत असतात, आणि चढणाऱ्या कोणत्याही दोन आकडेमालिका एकमेकींशी बांधलेल्या वाटतात. ग्रेंजर आणि न्यूबोल्ड यांनी हे १९७४ मध्येच दाखवून दिलं होतं. म्हणून आधी मालिका स्थिर आहे का, म्हणजे तिची सरासरी काळानुसार सरकत तर नाही ना, हे तपासायचं, मग दोन मालिकांमधली दीर्घकालीन जोड शोधायची आणि त्यानंतरच कशामुळे काय वाढतं ती दिशा ठरवायची. ही पायरी गाळून केलेल्या अभ्यासांवर विसंबू नये.

दुसरा धोका मला अधिक गंभीर वाटतो. ऊर्जा बहुधा टनांत किंवा ज्यूलमध्ये मोजतात, म्हणजे चुलीत किती घातलं ते. पारंपरिक चुलीत लाकडातली साधारण १० ते १५ टक्केच उष्णता भांड्याला लागते, गॅसच्या शेगडीत निम्म्याहून जास्त. आपल्याकडे बराच काळ व्यापारी ऊर्जेचेच (कोळसा, तेल, वायू, वीज) आकडे वापरले गेले आणि त्यांत सरपण धरलेलं नसे. त्यामुळे एखादं घर सरपणावरून गॅसवर आलं, की कागदावर ऊर्जेचा वापर वाढतो. प्रत्यक्षात जळणारी एकूण ऊर्जा घटलेली असते. १९९३ मध्ये डेव्हिड स्टर्न यांनी इंधनाच्या दर्जाचं वजन धरलं, भांडवल आणि श्रमही समीकरणात घेतले, तेव्हा अमेरिकेसाठी दिशा ऊर्जेकडून उत्पन्नाकडे निघाली.

शिक्षणाचं मोजमापही असंच आत काय गेलं त्यावर चालतं. सर्रास वापरला जाणारा निर्देशांक शाळेच्या वर्षांवरून काढतात: पहिल्या चार वर्षांना दरवर्षी १३.४ टक्के परतावा, पुढच्या चारांना १०.१, त्यापुढे ६.८. शाळेत न गेलेल्याला १ धरून सतत चक्रवाढीच्या या हिशेबाने चार इयत्ता शिकलेल्याचा आकडा १.७१ येतो, आठ इयत्तांचा २.५६ आणि बारावीपर्यंतचा ३.३६. पण वर्गात बसणं म्हणजे शिकणं नव्हे. मुलांना वाचता-मोजता येतं का हे तपासणाऱ्या ‘असर’च्या २०१८ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या जवळपास निम्म्या मुलांना दुसरीचा मजकूर वाचता आला नव्हता. निर्देशांकात मात्र त्यांची वर्षं पूर्ण धरली जातात.

दोन्ही चुका एकत्र पाहायच्या तर विहिरीवरचा थ्री-फेज पंप घ्यावा. ४१५ व्होल्टऐवजी ३३० मिळाले तर मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो आणि जेमतेम ६३ टक्के उरतो. पाण्याचा भार तेवढाच असल्याने मोटर जास्त करंट ओढते, वायंडिंग तापतं, इन्सुलेशन करपतं. एक फेज गेला तर हेच फार लवकर घडतं. महाराष्ट्रात अनेक कृषिपंपांना मीटर नाहीत. आकारणी अश्वशक्तीवर होते आणि वापर अंदाजाने धरला जातो. मोटर जळून आठ दिवस पंप बंद राहिला, तरी ते आठ दिवस अंदाजातून वगळले जात नाहीत.

ती मोटर पुन्हा उभी करतो तालुक्याचा रिवायंडर. जुन्या कॉइलचे वेढे मोजायचे, तारेचा गेज तपासायचा, स्लॉटमध्ये इन्सुलेशन पेपर घालून नवी कॉइल बसवायची, जोडण्या तपासून वॉर्निश द्यायचं. वेढे चुकले, तर फेज असमतोल होऊन मोटर पुन्हा तापते. तो आठवीत शाळा सोडलेला असेल, तर निर्देशांकात त्याचा आकडा २.५६. पंचवीस वर्षं मोटरी भरल्या, तरी तो आकडा तेवढाच राहतो.